दम: परका की घरचा?

परवा सकाळी कब्बन पार्कात चालता चालता मी थांबलो आणि म्हणालो, "जरा दम खाऊ द्या." आमच्या निवृत्तांच्या टोळीतले एकजण लगेच म्हणाले, "दम म्हणजे इंद्रियदमन. शम-दमातला!" दुसऱ्यांनी ठणकावलं, "छे, फारसी." बंगळुरूच्या त्या बाकावर निकाल लागला नाही, तो आज लावू.

फारसीवाले बरोबर. शम-दमातला दम 'दम्' धातूचा, अर्थ काबूत आणणे. आपण जो खातो, धरतो आणि प्रसंगी दुसऱ्याला देतो, तो दम फारसी. मूळ अर्थ श्वास. दमछाक, दमदार, दमा ही त्याचीच मंडळी.

बहमनी आणि आदिलशाही काळात अशा शब्दांचा मराठीत सुकाळ झाला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तो रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर आहे. हे हणमंते घराणं शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या कारभारातलं, म्हणजे आमच्या बंगळुरूशी नातं सांगणारं. कोशानं दप्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दम मात्र लोकांच्या छातीत बसलेला, तो हलला नाही. कानडीतही तो 'दम्मु' होऊन राहिला आहे.

पण तो खरंच परका आहे का? फारसीत 'दमीदन' म्हणजे फुंकणे. संस्कृतात फुंकण्याचा धातू 'ध्मा'. गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख फुंकले जातात ते याच धातूनं, धमनी त्यातलीच. दोन्हींचं मूळ एक, इराणी शाखेत 'ध'चा 'द' झाला इतकंच. म्हणजे दम आपला चुलतभाऊ निघाला.

आता उलटा प्रकार. तरुणपणी उंचावरच्या एका ठाण्याकडे चढताना माझ्या तुकडीतला कानडी जवान सारखा 'उसिरु, उसिरु' म्हणत होता. मला वाटलं, उसासे टाकतोय, घरची आठवण आली असेल. मी म्हणालो, "चल, चल." उसासा आला संस्कृत 'उच्छ्वासा'वरून. उसिरु द्राविडी, तमिळ 'उयिर'चा सख्खा भाऊ. कानडीत त्याचा अर्थ श्वास, तमिळमध्ये प्राण. पोराला श्वास मिळत नव्हता. फुप्फुसात पाणी साचू लागलं होतं. आमच्या नर्सिंग असिस्टंटनं ओळखलं, त्याला तातडीनं खाली उतरवलं, म्हणून तो वाचला. कानाला सारख्या वाटलेल्या एका शब्दावर मी त्याचा जीव टांगला होता.

'श्वस्' धातूला 'वि' लागला की विश्वास होतो. मूळ अर्थ, निर्धास्तपणे श्वास घेणे. तो जवान माझ्यामागे विश्वासानंच चढत होता. त्यानंतर मी कानडी शिकलो.

तुमच्याकडे, तंजावरात, इंदुरात, बेळगावात, श्वासाला काय म्हणतात? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.