उत्तेजक औषध आणि परिचारिकेची नजर

अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत जॉर्ज ब्रॅडले नांवाचे एक धनिक गृहस्थ राहत असत. त्यांची एकुलती एक कन्या एमा ही सात वर्षांची असतां मेंदूच्या दाहानें आजारी पडली. ती वांचली, पण जन्मभर पंगू राहिली. मुलीसाठीं सुचतील ते उपाय करून थकलेल्या ह्या पित्यानें मरतांना आपली संपत्ति तिच्यासारख्या मुलांच्या शुश्रूषेसाठीं ठेविली, आणि इ. स. १९३१ सालीं ईस्ट प्रॉव्हिडन्स येथें एमाच्या नांवानें बालरुग्णालय उघडलें. लक्ष स्थिर न राहणाऱ्या मुलांस उत्तेजक औषध देण्याचा इतिहास येथूनच सुरू होतो.

ह्या रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख डॉ. चार्ल्स ब्रॅडले हे त्याच घराण्यांतील. मेंदूचें क्ष-किरण चित्र घेण्यासाठीं त्या काळीं पाठीच्या कण्यांत सुई घालून मेंदूभोंवतींचा द्रव काढीत व त्याच्या जागीं हवा सोडीत. त्यामुळें मुलांचें डोकें असह्य दुखे. द्रव लवकर भरून यावा, ह्या आशेनें डॉक्टरांनीं बेन्झेड्रीन नांवाचें ॲम्फेटामीन जातीचें औषध देऊन पाहिलें. डोकेदुखी फारशी हटली नाहीं. परंतु कांहीं मुलें वर्गांत एकाएकीं मन लावून अभ्यास करूं लागलीं, हें शिक्षकांच्या ध्यानीं आलें.

मग डॉ. ब्रॅडले यांनीं रीतसर प्रयोग केला. पांच ते चौदा वर्षांचीं ३० मुलें निवडलीं. त्यांत २१ मुलगे व ९ मुली होत्या. एक आठवडा औषधावांचून, दुसरा औषध देऊन व तिसरा पुन्हां औषधावांचून, असा क्रम ठेविला. मुलें रुग्णालयांतच राहत असल्यामुळें शाळा, भोजन, खेळ व झोंप हीं सर्व डॉक्टर, शिक्षक आणि परिचारिका यांच्या नजरेखालीं होतीं. इ. स. १९३७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौदा मुलांच्या अभ्यासांत विलक्षण सुधारणा दिसली. औषध थांबतांच ती ओसरली. मुलांनीं त्या गोळ्यांस ‘गणिताच्या गोळ्या’ असें नांव ठेविलें. तथापि चौदा म्हणजे तिसांतील निम्मीहि नव्हेत. कोणास गुण आला व कोणास नाहीं, हें गोळीनें सांगितलें नाहीं. तें रोज पाहणाऱ्या माणसांनीं सांगितलें.

ह्या शोधाचा पुढें बराच काळ विस्तार झाला नाहीं. इ. स. १९४४ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें लेआंद्रो पानिझोन यांनीं मेथिलफेनिडेट तयार केलें. आपल्या पत्नीच्या नांवावरून त्याचें ‘रिटालीन’ असें नामकरण झालें, आणि इ. स. १९६० नंतर तें चंचल मुलांस सर्रास मिळूं लागलें. उत्तेजक औषधानें चंचल मूल शांत व्हावें, हा उलटा न्याय अनेकांस रोगाचा पुरावाच वाटे. इ. स. १९७८ सालीं डॉ. ज्यूडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १४ निरोगी मुलग्यांस त्याच जातीचें औषध एकेकदां देऊन पाहिलें. तेहि कमी चळवळे झाले व त्यांचें लक्ष अधिक टिकलें. म्हणजे औषध लागूं पडलें एवढ्यावरून विकार सिद्ध होत नाहीं. निदान औषधापूर्वींच, घर व शाळा दोहोंकडील वागणूक तपासून, करावें लागतें.

हीं औषधें मेंदूंतील डोपामीन व नॉरॲड्रिनलीन ह्या द्रव्यांचा प्रभाव वाढवितात. परंतु त्यांची क्रिया लक्षापुरती मर्यादित राहत नाहीं: नाडी जलद होते, रक्तदाब थोडा चढतो, भूक मंदावते, झोंप लांबते. इ. स. १९७२ सालीं डॉ. डॅनियल सेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या औषधांनीं मुलांची वाढ मंदावते असें दाखवून दिलें, आणि तेव्हांपासून वजनाचा कांटा व उंचीची पट्टी हीं परिचारिकेचीं नित्याचीं साधनें झालीं.

आजची परिचारिका औषध सुरू होण्यापूर्वीं वजन, उंची, नाडी व रक्तदाब लिहून ठेवते. घराण्यांत हृदयविकार किंवा अकस्मात् मृत्यु घडला आहे काय, हें विचारते. सकाळची न्याहरी आधीं व गोळी नंतर, म्हणजे भूक जाण्यापूर्वीं पोटांत कांहीं पडतें. औषधाचा भर ओसरल्यावर सायंकाळीं पोटभर जेवण. शेवटची मात्रा उशिरां दिल्यास रात्र जागून जाते. दिवसभर टिकणाऱ्या गोळ्या चावूं किंवा कुटूं द्यावयाच्या नाहींत, कारण मग सारी मात्रा एकदमच अंगांत भिनते. गोळ्या कुलुपांत ठेवून मोजाव्या लागतात, अमेरिकेनें इ. स. १९७१ सालीं हीं औषधें कडक नियंत्रणाखालीं आणिलीं, व भारतांतहि मेथिलफेनिडेट इ. स. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं येतें.

ह्या देखरेखीचें मोल इ. स. १९९९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत दिसलें. त्यांत ५७९ मुलें १४ महिने उपचाराखालीं होतीं. एका गटास गांवांतील नेहमींचे उपचार मिळाले. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश मुलें हींच औषधें घेत होतीं. दुसऱ्या गटांतील मुलांस मात्रा नीट बेतून दिली, दरमहा भेट ठेविली व शिक्षकांकडून वृत्तांत मागविला. ह्या गटांतील मुलांचीं लक्षणें स्पष्टपणें अधिक कमी झालीं. प्रयोग संपून ती बारीक देखरेख थांबली, आणि तिसऱ्या वर्षाअखेर दोन्ही गटांतील तो फरक मावळला होता.

ह्यांत परिचारिकेची खरी कसोटी निराळीच आहे. शांत झालेलें मूल सर्वांस सोयीचें असतें. वर्गांत गडबड नाहीं, घरीं तक्रार नाहीं. परंतु मन लावून बसलेलें मूल आणि मलूल होऊन बसलेलें मूल दुरून सारखेंच दिसतें. जवळ जाऊन पाहावें, तेव्हां भेद कळतो: पहिलें मूल हातचें काम संपवून खेळावयास धांवतें, दुसरें खेळहि विसरतें, हंसत नाहीं, ताट सारून ठेवतें. दुसऱ्याची मात्रा तपासून घेण्यास परिचारिकेनें डॉक्टरांस तत्काळ कळवावयाचें असतें, आणि त्या मुलाविषयीं कोणाचीच तक्रार नसतांना तिनें तें करावयाचें असतें.