गिरणगावाचा चौथा वाटा

शासनव्यवहारात जमिनीची नस्ती एका खात्यात असते आणि वाहतुकीची दुसऱ्या. दोन्हींवरील टिप्पण्या आपापल्या जागी बिनचूक असतात. तरीही शहर चुकते. हे कसे घडते, हे समजून घ्यायचे तर मुंबईचा इतिहास चाळावा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी शहरातील पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. नंतरच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा या पट्ट्यात गिरण्या आणि त्यांना लागून चाळी उभ्या राहिल्या. चाळींतील दाटी भयंकर होती. पण भोंगा झाला की कामगार पायीच गिरणीत पोहोचे. घर आणि काम यांत अंतर नसल्याने वाहतुकीचा भारही फारसा नव्हता.

१८९६ च्या प्लेगने या दाटीची किंमत दाखवून दिली. १८९८ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याची आखीव वसाहत वसवली. ट्रस्टच्या कारभारात दोष होते. घरे पाडण्याचा त्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक होता, अशी टीका त्या काळीही झाली. तरी दादरची जागा विचार करण्याजोगी आहे. दोन्ही रेल्वेमार्ग तेथे जवळ येतात आणि पुढे ट्रामही तेथवर पोहोचली. १९६४ मध्ये ट्राम बंद झाली. पण ‘दादर टी.टी.’ या नावातील ट्राम टर्मिनस अजून लोकांच्या तोंडी आहे.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा प्रयोग म्हणजे नवी मुंबई. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल झाला. मात्र मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडले. रेल्वेविना काढलेल्या या दोन दशकांत नवे शहर अपेक्षेप्रमाणे भरले नाही. अखेर मार्ग झाला, तो खर्चाच्या वाटणीमुळे. ६७ टक्के भार सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. सिडकोचा पैसा मुख्यतः जमिनीतून येणारा. ज्या जमिनीचे मोल रेल्वेमुळे वाढणार होते, तिनेच रेल्वेचा मोठा खर्च सोसला. उशिरा का होईना, दोन नस्त्या एकत्र आल्या.

हा धडा खाडीच्या पलीकडेच राहिला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने स्थूलमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. बांधकाम नसलेली रिकामी जमीनच वाटणीस पात्र ठरली आणि सार्वजनिक वाटे अत्यंत आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला.

या वादात आपण सर्वांनी तीन वाट्यांचीच चर्चा केली. चौथ्या वाट्याचा, म्हणजे रेल्वे स्थानकाचा, विचार मूळ सूत्रातही नव्हता. चाळीतून पायी येणाऱ्या कामगाराच्या जागी विरार, डोंबिवलीहून लोकलने येणारा कर्मचारी आला. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले; एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणारा पादचारी पूल मात्र अरुंदच राहिला. चटईक्षेत्र मंजूर करणाऱ्या प्राधिकरणाने पुलाची रुंदी विचारण्याचे कारण नव्हते. पूल रेल्वेचा होता. मनोऱ्यांत किती माणसे येणार, हे रेल्वेला कोणी सांगण्याचे कारण नव्हते. जमीन तिची नव्हती.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला, माणसे पुलावर थांबली, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले.

त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी तेथे नवा पूल उभारला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. अपघातापासून अवघ्या पाच महिन्यांत! म्हणजे पूल बांधणे अवघड नव्हते. अवघड होते ते जमीन वाढवणाऱ्याने वाहतुकीचे देणे लागतो, हे मान्य करणे. पुणे आणि बंगळूर येथे आज मेट्रोच्या कडेने चटईक्षेत्र वाढवून दिले जात आहे. त्या प्रत्येक आदेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एक साधा प्रश्न टिप्पणीत लिहावा: ही माणसे स्थानकातून बाहेर कोणत्या जिन्याने पडणार?