सोलापूरच्या मागशाळेच्या छपराची कुळकथा

थंड मुलखात उंच छताची कार्यशाळा ऊबदार ठेवणे हे मोठे जिकिरीचे काम असते, कारण जमिनीवर लाकडाची शेगडी पेटवली तरी तापलेली हवा हलकी होऊन छपराखाली जमते आणि काम करणाऱ्याच्या पायांशी गारठा तसाच राहतो. सोलापुरात हीच अडचण उलटी होऊन येते. येथे ऊष्मा छपरातून खाली उतरतो, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी पडते की माणसाबरोबरच मागावरच्या सुतालाही तिची झळ लागते. त्यामुळे सोलापूरच्या मागशाळेचे, म्हणजे विणकामाच्या जागेचे, छप्पर कसे घडत गेले हे पाहताना सूत आणि विणकर या दोघांच्या गरजा एकत्रच पाहाव्या लागतात.

कापसाचा तंतू हवेतली ओल सतत घेत आणि सोडत असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या मानाने प्रत्यक्षात असलेले बाष्प, ६५ टक्के असेल तर कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, आणि ओल मिळाल्यावर तो अधिक चिवट होतो. हवा कोरडी झाली की ताण्याला, म्हणजे मागावर लांबीत ताणलेल्या उभ्या सुताला, दिलेली खळ ठिसूळ होते, तारा पटापट तुटू लागतात आणि प्रत्येक तुटलेली तार जोडण्यासाठी माग थांबवावा लागतो. म्हणूनच सुती विणकामाला ७५ ते ८५ टक्के आर्द्रता मानवते.

यंत्रे येण्यापूर्वी ही गरज खड्डामागाने भागवली होती. या मागात विणकर जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो व तेथल्या पावड्या दाबतो, तर ताणा जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर आडवा पसरलेला असतो, त्यामुळे मातीतली ओल सुताला आपसूक मिळत राहते. तेलंगणातून येऊन सोलापुरात स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या हातात हे कसब होते. वर धाब्याचे छत, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असले की दुपारचे ऊन आत पोहोचायला बराच वेळ लागे. माती आणि सावली एवढ्याच सामग्रीवर सूत व माणूस दोघांचीही सोय पाहणारी ही रचना होती, आणि पुढच्या कोणत्याही रचनेला तो समतोल इतक्या स्वस्तात साधलेला नाही.

गिरणीचे छप्पर मात्र परमुलखातून आले. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात यंत्रमागांच्या हादऱ्यांमुळे विणकाम वरच्या मजल्यांवरून जमिनीवर उतरवण्यात आले आणि त्यासाठी करवती छप्पर रूढ झाले. करवतीच्या दात्यांसारख्या ओळींनी चढउतरणाऱ्या या छपराची एक बाजू काचेची असते आणि ती उत्तरेकडे तोंड करून बसवतात, म्हणजे थेट ऊन न येता सारखा प्रकाश मिळतो. आत ऊब राखण्यासाठी वाफेचे नळ फिरवलेले असत, शिवाय सूत तुटू नये म्हणून हवेतच वाफ सोडली जाई. त्या दमट हवेविरुद्ध विणकरांनी केलेल्या तक्रारींमुळे १८८९ साली तेथे कायदा झाला आणि कोणत्या तापमानाला किती आर्द्रता चालेल याची मर्यादा ठरली.

सोलापुरात १८६० साली रेल्वे आली आणि १८७७ मध्ये ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ ही कापडगिरणी सुरू झाली. गावकऱ्यांच्या तोंडी ती ‘जुनी गिरणी’च राहिली. गिरणीबांधणीचा विलायती नमुना हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्यामागचे अक्षांशांचे गणित मात्र येथे बदलत होते. लँकेशायर ५३ अक्षांशांच्याही उत्तरेला आहे, तेथे माध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो आणि उत्तराभिमुख तिरप्या काचेवर ऊन सरळ उतरते. जी काच तेथे ऊन टाळण्याची युक्ती होती, ती येथे ऐन उन्हाळ्यात ऊन आत घेऊ शकते.

तापलेल्या हवेत वाफ सोडणे हा उपाय तर अधिकच जाचक, कारण हवा दमट झाली की घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडण्याची वाटच बंद होते. त्यापेक्षा गार पाण्याचे तुषार बरे, कारण पाण्याचे बाष्प होताना ते हवेतलीच उष्णता घेते. अमेरिकेत विलिस कॅरियरने १९०२ मध्ये छापखान्यातल्या कागदासाठी हवेची आर्द्रता काबूत आणली, आणि वातानुकूलनाला त्याचे प्रचलित इंग्रजी नाव १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रॅमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने दिले. म्हणजे आज चैन समजली जाणारी ही विद्या आरंभी कागदाच्या आणि सुताच्या सोयीसाठी उभी राहिली, माणसाच्या गारव्याचा विचार नंतर आला, हे विसरता येत नाही. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १३ ने भिंती व छप्पर तापमान शक्य तितके कमी राहील असे असावे असे बंधन घातले. कलम १५ ने कृत्रिम आर्द्रतेसाठी सार्वजनिक पुरवठ्याचे, पिण्यायोग्य किंवा शुद्ध केलेलेच पाणी वापरावे असे ठरवले.

गिरण्या मागे पडल्या आणि विणकाम शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर गेले. २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डवर उठते. हे यंत्र मागाच्या डोक्यावर चौकटीवर बसते आणि त्यातून खाली सोडलेल्या दोऱ्या ताण्याच्या तारा निवडून उचलतात, त्यामुळे येथे छताची उंची टाळता येत नाही. पण त्या उंचीवर पत्रा असला तर त्याच्याखाली साठलेला ऊष्मा जेकार्डच्या दोऱ्यांपासून विणकराच्या माथ्यापर्यंत झिरपत राहतो, आणि जमिनीवर कितीही पाणी मारले तरी ती ओल हवा कोंदट करून थांबते. सोलापुरात म्हणून आधी छपराचा बंदोबस्त करावा लागतो: पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात, त्याखाली उष्णता अडवणारा थर आणि माथ्याशी गरम हवा निघून जायला वाट. तुषारांचा क्रम त्यानंतरचा.