आमची जीप ओरिजिनल नाही

तर मंडळी, जीप घरी आली.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उमरखेडला आमच्या घरी एक जीप होती. महिंद्राची, सीजे-३बी, १९६८ चं मॉडेल. आजोबांनी ती १९८३ साली सरकारी लिलावात घेतली आणि बाबांनी २०१५ साली विकली. त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पावसानं दगा दिला होता, कापूस हाती लागला नव्हता, आणि मला पुण्यात इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली होती. फी आणि हॉस्टेलचं डिपॉझिट कुठून आलं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दिवाळीत घरी गेलो तर निंबाखाली ऑइलचा काळा डाग तेवढा शिल्लक. मी म्हटलं, "जीप कुठंय?" बाबा म्हणाले, "दिली." विषय संपला.

२०२३ मध्ये ती सापडली. पैनगंगेपलीकडे हदगाव तालुक्यात एका शेतात उभी होती, टायर मातीत रुतलेले, आत कडब्याच्या पेंढ्या. ८५ हजारांना गेलेली जीप मी एक लाख दहा हजारांना परत घेतली. न चालणाऱ्या गाडीला एवढे पैसे देणारा शहाणा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. ट्रॅक्टरमागे दोर बांधून ती उमरखेडला आणली.

माझा प्लॅन तयार होता. एक्सेल शीट सुद्धा केली होती (सवय, दुसरं काय). जीप अगदी फॅक्टरीतून निघाली तशी करायची. म्हणजे हिरवा रंग, पत्र्याची जुनी बॉडी आणि मुख्य म्हणजे पेट्रोल इंजिन. कारण आमच्या जीपमध्ये मूळचं इंजिन नाहीच. ते १९८७ साली काढून डिझेलचं बसवलेलं. मला ते खटकायचं. आता ओरिजिनल म्हणजे नक्की काय, हे शोधायला म्हणून वाचत बसलो आणि तिथंच घोळ झाला.

सुरुवातीपासून सांगतो.

आपल्याकडे ट्रॅक्स, सुमो, कमांडर, सगळ्यालाच जीप म्हणतात. पण खरी जीप १९४० सालची. महायुद्ध पेटलेलं, आणि अमेरिकन सैन्याला चारही चाकांना ताकद जाणारी हलकी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं. अट अशी की नमुना गाडी ४९ दिवसांत उभी करून द्यायची. (हे वाचल्यापासून मी आमच्या क्लायंटच्या डेडलाइनला नावं ठेवणं बंद केलंय.) बँटम नावाच्या, जवळजवळ बुडालेल्या एका छोट्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला हाताशी धरून ती गाडी २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला अर्धा तास असताना पोचवली. बक्षीस काय मिळालं? सैन्यानं बँटमचं डिझाइन विलिस आणि फोर्डच्या हाती दिलं आणि मोठ्या ऑर्डरी त्या दोघांनी नेल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप काढल्या. ज्यांनी पहिली जीप केली त्यांची जीप जगानं फारशी पाहिलीच नाही. "ओरिजिनल" या शब्दाला पहिला तडा इथंच गेला.

युद्ध संपल्यावर विलिसनं हीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. नांगर ओढेल, पट्टा लावून मशीन फिरवेल, रविवारी चर्चला नेईल, अशी त्यांची जाहिरात असायची. मग १९५३ साली सीजे-३बी आली. हिच्यात नवीन एफ-१३४ इंजिन होतं, चार सिलिंडर, साधारण २,२०० सीसी. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीनं काय केलं, तर बॉनेटच उंच केलं! जुन्या सिनेमांतल्या पोलीस जीपचं ते उंच, चौकोनी नाक आठवा. ते इंजिन बसवायला केलेली तडजोड आहे. आमच्या मिस्त्रींनी जे केलं तेच, फक्त अमेरिकेत.

आता ही भारतात कशी आली? युद्धात ब्रह्मदेश आघाडीमुळे अमेरिकन जीप इथं आल्याच होत्या, आणि युद्धानंतर डिस्पोजलच्या मालात त्या विकल्याही गेल्या. पण रीतसर धंदा केला महिंद्रा बंधूंनी. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. युद्धकाळात के. सी. महिंद्रा सरकारी कामासाठी अमेरिकेत होते, तिथं त्यांनी जीप पाहिली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलिसच्या पहिल्या ७५ जीप सुट्या भागांत आल्या आणि मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली. १९५४ पासून विलिसच्या सहकार्यानं एकेक भाग इथंच बनवायला घेतला.

जुनी जीप नीट करून वापरायची ही हौस आपल्या सरकारलाही होती बरं का. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी जीप हव्या होत्या, तेव्हा लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सौदा केला. त्यातल्या १५५ आल्या आणि चालवण्यालायक नाहीत म्हणून सैन्यानं नाकारल्या. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा तो हाच, जीप घोटाळा. माझी एक्सेल शीट बघताना मला हे अधूनमधून आठवायचं.

अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली बंद झाली. इथं चालूच राहिली. म्हणजे आमची जीप बनली त्याच वर्षी तिच्या माहेरचा दरवाजा बंद झाला. पुढे कहर म्हणजे २०१८ मध्ये महिंद्रानं याच घराण्यातली रॉक्सर अमेरिकेत विकायला काढली, तर जीप ब्रँडच्या तेव्हाच्या मालकांनी नक्कल केली म्हणून तक्रार केली, आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. महिंद्राला गाडीचं तोंड बदलावं लागलं. सत्तर वर्षं सांभाळलेली गाडी, आणि घरी गेली तर ओळख पटेना.

असो. आमच्याकडे या.

उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. १९५६ पर्यंत नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे हैदराबाद राज्य होतं. आजही आम्हाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. तालुक्याचा जंगलाकडचा पट्टा म्हणजे बंदी भाग. काळी माती, मधे नाले. पावसाळ्यात तिथं बैलगाडी सुद्धा फसायची. या रस्त्यांवर चारचाकी म्हणजे जीपच, आणि जीप म्हणजे सरकार. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीप गावात आली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आल्या, जीप वाढल्या. आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळात हायब्रीडचा प्रचार करणारा ग्रामसेवकाचा साहेब जीपमध्ये, ७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची हजेरी तपासणारा जीपमध्ये, निवडणुकीचा भोंगा जीपवर. आजोबा सांगायचे की फुफाटा दिसला की लोक आधी टोपी नीट करायचे, मग कोण आलं ते बघायचे.

तीच जीप लिलावात घेऊन आजोबांनी दारात उभी केली. पण सरकारला परवडणारं पेट्रोल आम्हाला कुठून परवडणार? १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. त्यानंतर देशभर पेट्रोल जीप दारात उभ्या राहायला लागल्या. महिंद्रानं सत्तरच्या दशकातच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवून विकायला सुरुवात केली. आमच्यासारख्या भागात हे फारच सोयीचं. ज्या मिस्त्रीला ट्रॅक्टर कळतो त्याला ही जीप कळते.

१९८७ साली उमरखेडच्याच एका मिस्त्रींनी, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, मोडीत निघालेल्या डिझेल जीपचं इंजिन आमच्या जीपमध्ये बसवलं. इंजिन मिळालं, पण त्याचं बेल हाउसिंग मिळेना, आणि आमच्या गिअरबॉक्सची भोकं जुळेनात. म्हणून चाचांनी जाड लोखंडी प्लेट घेतली, लेथवर कातली, एका बाजूला इंजिनची आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची भोकं पाडली आणि मधे घातली. इंजिनच्या माउंटिंगसाठी चॅसीला दोन पट्ट्या वेल्ड केल्या. आरसी बुकात इंजिनचा बदल रीतसर चढवून घेतला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्या जीपनं कापसाची पोती वाहिली, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, वराती नेल्या, आणि शेवटी माझी फी भरली.

आता जीप परत आणली ती चाचांकडेच. वय सत्तरीच्या वर, स्वतः फार वाकत नाहीत, मुलगा गॅरेज बघतो. काम भरपूर निघालं. मागचा फ्लोअर पूर्ण सडलेला, पाटे तुटलेले, किंगपिनचे बेअरिंग गेलेले, ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर जाम. गिअरच्या बाजूला जे दोन छोटे दांडे असतात, एक पुढच्या चाकांना ताकद द्यायचा आणि दुसरा लो गिअरचा, ते गंजून एकजीव झाले होते. मी त्यांना माझी शीट दाखवली आणि पेट्रोल इंजिनचं सांगितलं. ओळखीतून एक एफ-१३४ मिळतही होतं. चाचा काही बोलले नाहीत. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा ती प्लेट बाहेर आली. त्यांनी ती रॉकेलनं पुसली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एक बी तडकली नाही."

त्याच आठवड्यात मी कायदा वाचत होतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज. तिला वेगळा, "व्हीए" अक्षरांचा नंबर. पण अशी गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. आमची जीप पन्नाशी ओलांडलेली, पण त्या प्लेटमुळे आणि दोन वेल्ड केलेल्या पट्ट्यांमुळे व्हिंटेज नाही.

सरकारचा नियम चूक आहे असं मी म्हणत नाही. संग्रहालयात ठेवायच्या गाडीला तो बरोबरच आहे. पण विचार करा, अशी अटीत बसणारी जीप आपल्या भागात कुठली सापडणार? जिला कुणी राबवलंच नाही ती. २०२१ च्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून मुलासाठी बनवलेली छोटी जीप गाजली होती, आठवतंय? नियमात ती बसत नव्हती, तरी आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना २०२२ मध्ये नवी बोलेरो दिली. लेथ, वेल्डिंग आणि डोकं, आपल्याकडे जीपचा इतिहास मुख्यतः हाच आहे. तो फॅक्टरीच्या कागदांत नाही, असल्या प्लेटींत आहे.

बाबांना फोन केला. विकल्यापासून ते जीपविषयी एक अक्षर बोलले नव्हते, परत आणली तेव्हाही लांबून बघून गेले होते. मी म्हटलं, पेट्रोल टाकू की डिझेल ठेवू? थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "पेट्रोलची जीप सरकारची होती. मी चालवली ती डिझेलची." आणि मग, "फी भरायला दिली म्हणून तुला वाईट वाटत असेल तर ते मनातून काढ. गाडी त्यासाठीच असते."

एक्सेल शीट डिलीट केली. इंजिन डिझेलच ठेवलं, नोझल आणि पंप नांदेडहून करून आणले, रिंगपिस्टन नवीन टाकले. प्लेट तीच बसवली, फक्त बोल्ट नवे. रंग मात्र हिरवा दिला, तेवढी हौस माझी. सव्वा वर्ष लागलं आणि दोन लाख चाळीस हजार खर्च झाले (पुण्यात कुणाला सांगू नका). पासिंग झालं, पाच वर्षांसाठी आरसी वाढवून मिळाली. चाचांनी मजुरी घेतली, प्लेटचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणाले. "त्याचे तुया आजोबानं दिले होते."

गेल्या शनिवारी गॅरेजमधून बाबांनी स्वतः काढली. मी बाजूला बसलो. ढाणकीच्या रस्त्यानं गेलो, पुढे एका शेताच्या पांदणीत मुद्दाम घातली. चिखल होता. बाबांनी न बघता डावा हात खाली नेला आणि दोन्ही छोटे दांडे एकामागे एक टाकले. मला ते यूट्यूबवर शिकावं लागलं होतं.

हूड अजून शिवायचा आहे. उमरखेडला ताडपत्री शिवणारे एक आहेत, दिवाळीनंतर देतो म्हणालेत. तोवर जीप पुन्हा निंबाखाली, ताडपत्री टाकून. आणि हो, ऑइल अजूनही गळतंय. चाचा म्हणतात, गळतंय म्हणजे आत आहे.