धूम्रपान, शरीराचे वजन व चयापचय

धूम्रपानाने चयापचयात होणारा तात्कालिक बदल मुख्यतः निकोटीनमुळे घडतो. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन स्रवते, नाडी जलद होते, साठलेल्या मेदातून मेदाम्ले रक्तात उतरतात आणि ऊर्जाव्यय वाढतो. मेंदूतील हायपोथॅलॅमसवर क्रिया होऊन भूकही मंदावते.

ऊर्जाव्यय : या विषयातील पायाभूत मोजमाप स्विस संशोधकांचे (१९८६). आठ धूम्रपींना त्यांनी बंद कक्षात २४ तासांसाठी दोनदा ठेवले, एकदा २४ सिगारेटी देऊन व एकदा एकही न देता. आहार व हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. सिगारेटींच्या दिवशी ऊर्जाव्यय सुमारे २,२३० वरून २,४४५ किलोकॅलरींवर, म्हणजे जवळपास १० टक्क्यांनी वाढला. मूत्रातील नॉरॲड्रेनॅलीनही वाढले. मूलभूत चयापचयाचा वेग मात्र बदलला नाही.

वजनानुसार भेद : हे वाढीव ज्वलन सर्वांत सारखे नसते. अमेरिकेत स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (१९९५) सिगारेटीनंतरची वाढ सामान्य वजनाच्या स्त्रियांत अधिक, स्थूल स्त्रियांत कमी आढळली. स्थूल शरीराला अनुकंपी तंत्रिका तंत्राकडून मिळणारा प्रतिसाद मंद असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. वजन घटेल या आशेने सिगारेट धरणाऱ्या स्थूल व्यक्तीच्या पदरी त्यामुळे ज्वलन थोडे आणि धुराची हानी पूर्ण पडते.

वजनकाट्यावर न दिसणारी हानी याहून गंभीर आहे. धूम्रपींचे वजन सरासरीने कमी असले, तरी त्यांच्यात पोटाभोवती मेद साठण्याकडे कल असतो व इन्शुलिनला पेशींचा प्रतिसाद घटतो. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ४४ टक्के अधिक असल्याचे २००७ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. भारतीयांबाबत तर ‘सडपातळ’ हा शब्दच जपून वापरावा लागतो, कारण वजन बेताचे असूनही शरीरातील मेद जास्त असू शकतो. पुण्याचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे संशोधक जॉन युडकिन यांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के (२००४).

धूम्रपान सोडल्यावर : पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते, काहींचे घटतेही. हृदयविकाराचा धोका तरीही उतरतो.

मिश्री (दातांना घासायची भाजलेल्या तंबाखूची पूड) : हिच्यात धूर नाही, तरी निकोटीन तोंडातील श्लेष्मल त्वचेतून रक्तात जाते.