बाटली क्रमांक ५३-एन : कारण कोणतं, दोष कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण जंतू म्हणजे काय आणि रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, याची तोंडओळख करून घेतली. आज एकाच बाटलीची गोष्ट बघू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसाच्या अधिकारानं आम्ही बोलणार नाही. पण ‘कारण’ कशाला म्हणायचं हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे, आणि १९०२ साली पंजाबातल्या एका खेड्यात तो एकोणीस माणसांच्या जिवाचा प्रश्न झाला.

सुरुवात मात्र मुंबईपासून करावी लागेल. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी येता-जाता पाहिला असेल. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. त्यावर लस मात्र नव्हती. ती करण्याचं काम सरकारनं वाल्डेमार हाफकिन यांच्याकडे सोपवलं. हाफकिन मूळचे ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ मध्येच ते हिंदुस्थानात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली टोचणी स्वतःलाच करून घेतली.

ही लस बनायची कशी, ते जरा सावकाश बघू, कारण पुढचा सगळा वाद त्यातच दडलेला आहे.

जंतू वाढवायचे तर त्यांना खाऊ हवा. युरोपात त्यासाठी गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा रस वापरत. तो इथं चालणार नव्हता. हाफकिननी बोकडाचं मांस घेतलं आणि ते हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवलं. आपल्या जठरात हेच आम्ल असतं. त्यानं प्रथिनांचे मोठे रेणू तुटून लहान तुकडे होतात, ते जंतूंना पचतात. मग आम्लाचा आंबटपणा मारण्यासाठी कॉस्टिक सोडा घालायचा. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उरतं काय? पाणी आणि मीठ, आपलं जेवणातलं मीठ! या रसावर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या तवंगाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढतात, गुहेतल्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. बाटली हलवली की ते खाली पडतात आणि वर नवे वाढू लागतात.

जंतूंची अशी भरपूर वाढ झाली की ते मारायचे. त्यासाठी सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियस उष्णता देत. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो आणि पुन्हा कधी पातळ होत नाही. जंतूच्या अंगातल्या प्रथिनांचंही तसंच होतं. शेवटी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचं. हे दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळतं, रसायनशास्त्रात त्याला फिनॉल म्हणतात. तेही प्रथिनं बिघडवतं. एवढ्याशा प्रमाणात त्याचं काम राखणदाराचं. चुकून बाहेरचा जंतू आत आलाच, तर त्याला वाढू द्यायचं नाही.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग पसरला आणि लशीच्या लाखो मात्रांची मागणी आली. जुन्या पद्धतीनं एवढी लस वेळेत होणं शक्य नव्हतं. म्हणून हाफकिननी जंतू आगरवर वाढवण्याची, अधिक वेगवान पद्धत सुरू केली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ती वापरात होती. तिच्यात मारण्याचं काम उष्णतेवर सोपवलेलं होतं, कार्बोलिक वगळलं होतं.

३० ऑक्टोबर १९०२. मुलकोवाल नावाचं गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथं १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही दगावले. सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. तिचा क्रमांक ५३-एन. त्या दिवशी उघडलेल्या बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

चौकशी आयोग बसला. त्यानं निष्कर्ष काढला की धनुर्वाताचा जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, आत शिरला होता. आणि कार्बोलिक वगळणं ही गंभीर चूक होती. हाफकिनना परळच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद सोडावं लागलं. पंजाबात लोकांचा लशीवरचा विश्वास उडाला, आणि प्लेग तर चालूच होता.

आता बघा, आयोगाचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. राखणदार काढला आणि घरात चोरी झाली, तर संशय तिकडेच जाणार. पण इथं आपल्या नैयायिकांची मदत घेऊ. कार्याच्या आधी जे नेमानं असतं आणि ज्यावाचून कार्य होत नाही, ते कारण, असं ते मानतात. त्यांचं आवडतं उदाहरण घड्याचं. माती, चाक, दांडा, कुंभार ही घड्याची कारणं. माती वाहून आणणारं गाढवसुद्धा घड्याच्या आधी हजर होतंच की! पण त्याला कारण म्हणत नाहीत. माती गाडीतून आली असती तरी घडा झालाच असता. अशा गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

तर मग कार्बोलिक नसणं हे या प्रकरणातलं कारण, की गाढव? नव्या पद्धतीच्या इतर बाटल्यांतही कार्बोलिक नव्हतं, आणि तरी त्यांतून कोणाला धनुर्वात झाला नाही. म्हणजे नेमानं संबंध दिसत नाही. खरा प्रश्न असा होता : जंतू बाटलीत शिरला केव्हा?

याचं उत्तर जंतूच्याच स्वभावात आहे. धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणात राहतो. परिस्थिती बिकट झाली की तो बीजाणू होऊन बसतो. बीजाणूला जाड कवच असतं आणि आत पाणी फारच कमी. पाण्यावाचून प्रथिनं सहज बिघडत नाहीत. म्हणून ६५-७० अंशांची उष्णता तो सोसतो, आणि कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवलं तरी मरत नाही. दुसरं म्हणजे त्याला हवेतला ऑक्सिजन सोसत नाही. बूच घट्ट लावलेली बाटली त्याला फार सोयीची. तिथं तो वाढतो, विष सोडतो, आणि वाढताना दुर्गंधी येते.

५३-एन ही बाटली मुलकोवालला उघडली तेव्हा भरून सुमारे सहा आठवडे झाले होते. कार्बोलिक नव्हतं, हवा नव्हती. जंतू मुंबईतच शिरला असता तर एवढ्या दिवसांत बाटली विषानं भरली असती. तिला घाण वास आला असता, आणि तयार विष थेट अंगात गेल्यामुळे लक्षणंही लवकर दिसली असती. प्रत्यक्षात उघडताना वेगळा वास आला नव्हता आणि लक्षणं दिसायला काही दिवस गेले. म्हणजे आयोग ज्या गोष्टीकडे बोट दाखवत होता, तीच, कार्बोलिक नसणं, नीट विचार केला तर हाफकिनच्या बाजूनं साक्ष देत होती.

आणि आणखी एक गोष्ट चौकशीच्या कागदांतच होती. बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता कार्बोलिकच्या पाण्यात हलवून घेतला गेला आणि त्याच चिमट्यानं बाटली उघडली. खेड्यातली जमीन, माती, गुराढोरांचं शेण, तिथला बीजाणू आणि क्षणभराचं कार्बोलिक! ज्योतीनं जे झालं असतं ते त्यानं झालं नाही.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनं पुरावा पुन्हा तपासला आणि बाटली उघडतानाच जंतू शिरला असणं अधिक संभवनीय ठरवलं. मलेरिया आणि डास यांचा संबंध दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी ‘टाइम्स’मध्ये हा विषय लावून धरला. २९ जुलै १९०७ च्या पत्रावर त्यांच्यासह दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्याला गेले, तिथूनच निवृत्त झाले, आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

आता आम्हाला जो मुद्दा सांगायचा आहे, तो इथं येतो. हाफकिन सुटले म्हणून त्या मदतनिसाला पकडायचं का? तसं केलं तर आपण फक्त आरोपी बदलला, विचार तोच राहिला. चिमटा कोणाच्याही हातून पडतो. पडला तर काय करायचं, ज्योत की कार्बोलिक, आणि का, हे त्या माणसाला कोणी समजावून सांगितलं होतं का? ज्याला बीजाणू म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीनं कार्बोलिकमध्ये बुडवलेला चिमटा स्वच्छच होता.

दोषी सापडला की आपलं मन शांत होतं आणि चौकशी थांबते. कारण सापडलं तर पुढची बाटली वाचते. गुन्हेगार शोधायला मुंबई ते मुलकोवाल एवढं अंतर कापावं लागलं. कारण मात्र उघड्या बाटलीपासून हातभर अंतरावर, मातीत पडलेलं होतं, आणि ते मान्य व्हायला जवळजवळ पाच वर्षं गेली. त्या काळात पंजाबातल्या किती घरांनी टोचणीवाल्याला पाहून दार लावून घेतलं असेल, याचा विचार प्रत्येकानं आपापल्या मनाशी करावा.

पुढच्या वेळी प्लेग पसरतो कसा, म्हणजे उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू, हा विषय घेऊ. आज इथंच थांबू.