घोड्याला खाऊ कोण घालत होते? नाशिकहून पाहिलेला घोड्याचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/ इतिहासाच्या पुस्तकांत घोडा बहुधा स्वारासह येतो. स्वाराचे नाव आपल्याला पाठ असते. घोडा मात्र चित्रातच राहतो. या धाग्यात प्रश्न थोडा वेगळा विचारू. त्या घोड्याला दररोज दाणा-चारा कोण देत होते, तो कुठून येत होता आणि त्याची किंमत कोण मोजत होते? हा प्रश्न हाती घेतला की राज्ये, बंदरे, शेतकरी आणि शहरे यांचा इतिहास एकाच दोरीत ओवला जातो.

२/ आरंभ फार दूरचा आहे. माणसाने घोड्याकडे प्रथम पाहिले ते शिकार म्हणून, मांसासाठी. आज जगभर दिसणाऱ्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या परिसरातील गवताळ प्रदेशातून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी वेगाने पसरला, असे जनुकीय संशोधन सांगते. मैलोन्‌मैल गवत ही त्या जनावराची मूळ गरज. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते.

३/ महाराष्ट्रातील जुना आणि बोलका पुरावा विदर्भात आहे. नागपूरजवळच्या माहूरझरी येथील महापाषाणयुगीन शिळावर्तुळांत माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष सापडले. सोबत तांब्याची शिरोभूषणे आणि लोखंडी लगामाच्या कड्या होत्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील ही माणसे आपला घोडा सजवून मृत्यूपलीकडे नेत होती. घोडा तेव्हाच केवळ जनावर राहिला नव्हता. तो प्रतिष्ठा झाला होता.

४/ सातवाहनांच्या काळात ही प्रतिष्ठा राजसत्तेची खूण बनली. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील नागनिकेच्या लेखात अश्वमेध यज्ञांचा उल्लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन कोरवून घेतले. त्याच्या वाहनांनी तिन्ही समुद्रांचे पाणी प्याले, असे ते बिरुद आहे. राज्याची सीमा सांगायला येथे पर्वत वा नदी पुरली नाही. तहानलेली वाहने हवी होती.

५/ पण या भूमीची एक अडचण होती. दख्खनच्या माळावर पाऊस चार महिने आणि गवत त्याहून थोडे अधिक काळ. मोठ्या, वेगवान घोड्यांची पैदास येथे सोपी नव्हती. म्हणून असे घोडे अरबस्तान आणि इराणकडून समुद्रमार्गे येत. १३व्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिले आहे की, त्याचा समुद्री चाच्यांशी करारच होता : लुटीतील बाकी सारे तुमचे, घोडे मात्र माझे.

६/ १५व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन होर्मुझहून चौलला उतरला आणि तेथून जुन्नरला आला. तेथील बहामनी सरदार असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खुरासानी वजनदार माणसाच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. एका घोड्यासाठी सरदाराने परदेशी पाहुण्याला पेचात धरावे, यातच त्याचे मोल कळते.

७/ निकितिनच्या नोंदींतील आणखी एक तपशील आपल्या प्रश्नाचा आहे. या देशात घोड्यांना कडधान्य चारतात, साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडीही देतात, असे तो लिहितो. गवताळ मुलखातील जनावर येथे माणसाच्या धान्यावर जगत होते. म्हणजेच पागेतला प्रत्येक घोडा कुणाच्या तरी शेताशी बांधलेला होता.

८/ हे सर्वांत नेमके ओळखले शिवाजी महाराजांनी. सभासदाच्या बखरीनुसार पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. पावसाळ्यात लष्कर छावणीला परते. दाणा, वैरण, औषधे आणि शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध असत. दसरा होताच स्वारी निघे. मोहिमेचे वेळापत्रक पावसाने आणि वैरणीने ठरत होते.

९/ नाशिक जिल्ह्याने या घोडदळाची कसोटी दोनदा पाहिली. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्या सुरत स्वारीहून परतताना महाराजांची दाऊदखानाच्या मोगल फौजेशी वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांचा मोठा पराभव केला. सभासद या विजयाचा हिशेब देताना पाडाव झालेल्या घोड्यांचा आकडा आवर्जून नोंदवतो : सहा हजार.

१०/ मात्र या काळातील घोड्यांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा कागद रणांगणाचा नाही. तो १६७० च्या दशकातील एक आज्ञापत्र आहे, चिपळूण परिसरातील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेले. आशय असा : साठवलेला दाणा आणि गवत आताच मनमानी उधळाल, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्यांचे दाणे, वैरण, लाकूडफाटा ओरबाडू लागाल. त्यांना वाटेल, यापेक्षा मोगल बरे.

११/ पत्रात आणखी बारकावा आहे. रात्री दिवे जळते ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागेसह घोडी जातील. राज्यकर्ता उंदराच्या वाटेपर्यंत विचार करतो, कारण गवताची गंजी जळाली तर पुढची मोहीम जळते. आणि ती भरून काढायला शेतकऱ्याच्या दारात घोडेस्वार उभा राहिला, तर राज्याचा अर्थच जळतो.

१२/ हे सूत्र तुटले की काय होते, ते पानिपतावर दिसले. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपूर्वी मराठ्यांची रसद आठवडेच्या आठवडे तोडली गेली होती. माणसांबरोबर घोडीही उपाशी होती. घोडदळाचे बळ वेगात. आणि उपाशी घोड्याला वेग कुठला? दख्खनच्या माळावर थोडक्यात भागवणारी काटक भीमथडी घोडी प्रसिद्ध होती. पण काटकपणालाही मर्यादा असते.

१३/ १८१८ मध्ये पेशवाई संपली, पागा मोडल्या. घोडा आता शहरात कामाला लागला. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. नाशिकमध्येही १८८९ मध्ये ट्राम आली. रेल्वे स्थानक शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर, आज ज्याला आपण नाशिक रोड म्हणतो तेथे. तेथून मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेपर्यंत रुळांवरून डबे ओढत ते घोडेच. ज्या जातीने तिन्ही समुद्रांचे पाणी प्याले, तीच आता गोदावरीच्या यात्रेकरूंना गावात पोहोचवू लागली.

१४/ यंत्राने हे कामही घेतले. मुंबईत १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम थांबली, १९०७ मध्ये विजेची धावली. नाशिकच्या ट्रामला पुढे पेट्रोल इंजिन जोडले गेले; तोटा वाढत गेला आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरियाही बेकायदा ठरवल्या. तेव्हा मुख्य मुद्दा घोड्यांच्या हालांचा होता. आणि लगेच दुसरा उभा राहिला, त्यांच्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे काय? घोडा आणि त्याला पोसणारा माणूस यांचे भवितव्य पुन्हा एकत्रच होते.

१५/ घोडा रस्त्यावरून गेला, तरी भाषेतून गेला नाही. पागे, बारगीर, शिलेदार, चाबुकस्वार, नालबंद ही आडनावे आजही शाळेच्या हजेरीत ऐकू येतात. निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. भीमथडीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे.

१६/ पांडवलेण्यांच्या पायथ्यापासून आज मुंबई-आग्रा महामार्ग जातो. बलश्रीच्या लेखातला ‘वाहन’ हा शब्द आपण आता मोटारीसाठी वापरतो. इंधन कुठून येते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र तोच आहे. चिपळूणच्या छावणीत तो वैरणीच्या रूपात विचारला गेला होता. लेण्यांवर गेलात तर तो शिलालेख अवश्य पाहा. आणि तुमच्या गावात जुन्या पागेची जागा किंवा नालबंदांची गल्ली असेल, तर खाली जरूर लिहा.